सरांची स्मरणिका करताना

आमच्या उन्हाळी शिबिराचे माजी प्रमुख गेल्या दिवाळीनंतर वारले. शिबिरात लहानथोर सगळेच त्यांना नुसते ‘सर’ म्हणत, आणि त्यांच्या घरच्यांच्या इच्छेनुसार मीही येथे त्यांचे नाव लिहिलेले नाही. तेराव्यानंतर काही दिवसांनी आम्ही काही जुने शिबिरार्थी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मित्राच्या दुकानात जमलो. शोकसभेत चार भाषणे करून मोकळे होण्यापेक्षा सरांवर एक स्मरणिका काढावी आणि ती मे महिन्यात, शिबिराच्याच दिवसांत, सर्वांच्या हाती द्यावी, असे तेथे ठरले. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून संपादनाचे काम ओघानेच माझ्याकडे आले. हे काम कसे झाले, त्यात काय अडले आणि आमच्या हाती काय लागले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण आपल्या एखाद्या गुरुजींसाठी, प्रशिक्षकांसाठी असे काही करू इच्छिणारी माणसे गावोगावी असतात.

सुरुवातीला आम्ही एवढेच कळवले होते की, सरांविषयीच्या आठवणी लिहून पाठवा. आठवणी भराभर आल्या, आणि त्या वाचताना मी अस्वस्थ होत गेले. सर शिस्तप्रिय होते, मायाळू होते, बाहेरून फणसासारखे काटेरी आणि आतून गोड होते, त्यांनी आम्हांला घडवले, त्यांचे ऋण फिटणार नाही. लिहिणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, पण सरांचे नाव काढून तेथे दुसऱ्या कोणत्याही चांगल्या शिक्षकाचे नाव घातले असते तरी तो मजकूर जसाच्या तसा चालला असता. ज्या माणसाने प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली, त्याच्याविषयी आपण इतके सर्वसाधारण लिहावे, हे मला पटेना.

म्हणून आम्ही सर्वांना पुन्हा विनंती केली आणि या वेळी प्रश्न बदलला. सर कसे होते ते लिहू नका. त्यांनी तुमच्या डोळ्यांदेखत केलेली एकच गोष्ट लिहा. ती कोठे घडली, किती वाजले होते, त्यांच्या हातात काय होते, ते काय बोलले, एवढेच लिहा, आणि लिहिणे जमत नसेल तर फोनवर सांगा, आम्ही लिहून घेऊ. काहींना हे रुचले नाही. आम्ही मनापासून लिहिलेले तुम्हांला चालत नाही का, असेही एकाने विचारले, आणि त्याची समजूत घालायला मला त्याच्या घरी जावे लागले. मात्र या एका बदलाने सगळे काम पालटले. स्मरणिका करू पाहणाऱ्या कोणालाही मी सर्वांत आधी हेच सांगेन.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मुलांचे शिबिर घेणे ही मुळातच जोखमीची गोष्ट आहे. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि सकाळी दहानंतर मैदानावर पाय ठेववत नाही. सरांचे शिबिर म्हणूनच पहाटे सहाला सुरू होऊन साडेनऊला संपत असे, आणि सव्वानऊनंतर धावण्याचा एकही खेळ घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. नव्याने आलेल्या आठवणींत या नियमाच्या आतले सर दिसू लागले. आता परिचारिका असलेल्या एका मैत्रिणीने लिहिले की, कडुनिंबाखाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रांजण असत आणि त्यांच्या शेजारी सर स्वतः उभे राहत. पाणी प्यायला आलेल्या मुलाला ते ‘बरे आहे ना’ असे कधी विचारत नसत, कारण खेळात रंगलेले मूल ‘हो’च म्हणते. ते त्याचे ओठ पाहत, तळवा हातात घेऊन पाहत आणि शंका आली की त्याला सावलीत बसवून साखर-मिठाचे पाणी देत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण त्यांनी रांजणामागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते. पुढे परिचर्येच्या अभ्यासक्रमात तेच प्रमाण समोर आले तेव्हा ते आपल्याला पाठ होते आणि ते कोणी पाठ करून घेतले हे आठवून वर्गातच डोळे भरून आले, असे तिने लिहिले आहे.

शिबिराला मुले येत ती अख्ख्या शहरातून. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांची तेलुगू बोलणारी मुले, अक्कलकोट रस्त्याकडची कन्नड घरांतली मुले, उर्दू शाळांतली मुले आणि आम्ही मराठी, असा तो मेळ होता. सरांना यांतल्या सर्वच भाषा नीट येत होत्या असे नाही, पण लहान मुलाला जवळ बोलावण्यापुरते शब्द त्यांनी प्रत्येक भाषेतले शिकून घेतले होते. एका कन्नड गृहस्थांनी फोनवर सांगितले की, पहिल्या दिवशी ते फाटकाशी रडत उभे असताना सरांनी दुरूनच ‘बा इल्ली’ म्हणून हाक मारली आणि त्या दोन शब्दांनी त्यांची भीती गेली. तसेच ‘इक्कड रा’ ऐकलेली एक तेलुगू भगिनी तेलुगूतच भरभरून बोलली. तिची आठवण मराठीत आणली तर तिचा सूर हरवेल असे आम्हां सर्वांनाच वाटले. तिचे शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे तिला तेलुगू लिपी येत नव्हती, तेव्हा तिने सांगितलेले तेलुगू आम्ही देवनागरीत उतरवून घेतले, तिला वाचून दाखवले आणि खाली मराठी अर्थ देऊन तसेच छापले. माझ्या मते संपूर्ण स्मरणिकेतले ते सर्वांत जिवंत पान आहे.

सावली नाहीशी होण्याच्या दिवसाची आठवण सर्वाधिक लोकांनी पाठवली. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोन दिवस बरोबर डोक्यावर येतो. सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे आपल्याकडे हे दिवस 10-11 मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतात. ऑगस्टमध्ये बहुधा आभाळ असते, त्यामुळे मेमधला दिवस हाच खरा पाहण्याचा. त्या एका दिवशी सर मुलांना पालकांसह दुपारी पुन्हा बोलावत. डोक्याला टोपी किंवा ओला पंचा असल्याशिवाय मैदानावर प्रवेश नसे. मधोमध ओळंबा लावून सरळ रोवलेला लेझमीचा दांडा असे, आणि बारा वाजले की मुले ओरडू लागत की सावली आहे, सर, सावली तर आहे! सर काही बोलत नसत. दर पाच मिनिटांनी एका मुलाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगत. खडे दांड्याकडे सरकत येत आणि बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटांनी सावली दांड्याच्या बुडाशी विरून जाई.

हे बाराला का होत नाही, याचे उत्तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी देत. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि सोलापूर त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे सूर्याला आपल्या माथ्यावर यायला तेवढा उशीर होणारच. हिशेबाने सव्वीस मिनिटे येतात आणि प्रत्यक्षात तीन-चार मिनिटे कमी लागतात, हा फरक कोणी चाणाक्ष मुलाने काढलाच तर सर त्याची पाठ थोपटत आणि पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही, तिचा आसही कललेला आहे, येथपर्यंत त्याला घेऊन जात. त्या मुलांपैकी एक जण आज भूगोलाचा प्राध्यापक आहे. त्याने पाठवलेल्या लेखात सरांची स्तुती करणारे एकही वाक्य नाही. फक्त त्या दुपारचे वर्णन आहे आणि खडे कोणत्या क्रमाने ठेवले त्याची आकृती आहे. मी त्यात एका अक्षराचाही बदल केला नाही.

दरम्यान काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली काढून दिली. तीत शिबिराचे हजेरीपट होते. कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, पण आतली शाई शाबूत होती. माझ्या दृष्टीने हा हजेरीपट आमच्या सगळ्या आठवणींपेक्षा मोलाचा ठरला. प्रत्येक पानावर मुलाचे नाव, वय, वस्ती, घरी बोलली जाणारी भाषा आणि नंतरच्या वर्षांत ‘पोहणे येते का’ असे रकाने होते. त्यापुढचा रकाना ‘पाकीट’ असा होता आणि त्यात कोठेही रक्कम नव्हती. प्रत्येक नावापुढे केवळ ‘मिळाले’ असे लिहिलेले होते.

याचा अर्थ मला ठाऊक होता, परंतु इतक्या वर्षांच्या पानांवर तो एकसारखा पाहताना मी थांबले. शिबिराचे शुल्क बंद पाकिटातून आणायचे असे. पाकीट सर स्वतः सर्वांना सारखेच देत, त्यावर नाव लिहायचे नसे, आणि सगळी पाकिटे एका पिशवीत पडत. कोणी किती घातले, कोणी काहीच घातले नाही, हे त्यांना कळण्याची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. विडी कामगार आईच्या एका मुलाने लिहिले की, आठवड्याची मजुरी शिबिराच्या पहिल्या दिवसानंतर हाती पडायची होती, म्हणून आईने पाकिटात कागदाची घडी घालून दिली होती, आणि ती घडी पिशवीत टाकताना त्याचे हात थरथरत होते. सरांनी त्याच्या नावापुढे ‘मिळाले’ लिहिले. ते पान मला हजेरीपटात सापडले. त्याची परवानगी घेऊन त्या पानाचे छायाचित्र आम्ही त्याच्या आठवणीशेजारी छापले. बाकीची नावे मात्र झाकली, कारण त्या पानावरच्या इतरांना आम्ही विचारले नव्हते.

येथपर्यंत सर्व जण एकमताने चालले होते. मग एक पत्र आले, आणि आमच्यात मतभेद झाले. आज पन्नाशीला आलेल्या एका शिबिरार्थीने लिहिले होते की, सुरुवातीच्या वर्षांत सर मुलींना मल्लखांबाला हात लावू देत नसत. मुले खांबाला एरंडेल चोळून साधी अढी, दसरंग असे मल्लखांबाचे प्रकार शिकत असताना मुलींना लेझीम आणि लंगडीकडे पाठवले जाई. तिने विचारले असता, पालकांना चालणार नाही, एवढेच उत्तर मिळाले. काही वर्षांनी दोरीचा मल्लखांब आला आणि मुलींना तो खुला झाला, पण तोवर तिची शिबिराची वर्षे सरली होती. पत्रात राग नव्हता. सरांविषयीचा आदर शब्दाशब्दांत होता, आणि तरीही हे माझ्या मनात राहिले आहे, असे तिने स्पष्ट लिहिले होते.

स्मरणिकेत असे काही छापू नये, श्रद्धांजलीची ही जागा नव्हे, असे आमच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे पडले. माझे मत वेगळे होते. दोरी आल्यानंतर शिबिरात गेलेल्या मुलींपैकी मी एक आहे. मला जे सहज मिळाले, ते माझ्याआधीच्या एखादीने मागितले होते आणि तिला मिळाले नव्हते, हे मला त्या पत्रामुळे पहिल्यांदा कळले. निर्णय काकूंवर सोपवला. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “छापा. हे यांना माहीत होते. दोरी आणली त्या दिवशी घरी येऊन हे मला म्हणाले होते की, उशीर केला.” पत्र जसेच्या तसे छापले आणि खाली काकूंचे हे बोलणे दिले. ज्यांचा विरोध होता, त्यांनीही नंतर तो विषय पुन्हा काढला नाही.

आठवणींतल्या विसंगतींचे काय करायचे, हाही प्रश्न होताच. हिप्परगा तलावाच्या सहलीत घसरून पाण्यात गेलेल्या एका मुलाला कोणी ओढून काढले, याविषयी तिघांनी तीन वेगळ्या हकिकती सांगितल्या, आणि तिघेही त्या वेळी तेथे हजर होते. आम्ही तिन्ही छापल्या. तीन हकिकतींत एक गोष्ट मात्र सारखी होती: त्याच संध्याकाळी सर त्या मुलाच्या घरी गेले आणि काय झाले ते त्याच्या आईवडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगितले. पुढच्या वर्षीपासून हजेरीपटात ‘पोहणे येते का’ हा रकाना आला. पेटीतली वर्षे लावून पाहिल्यावर हे माझ्या ध्यानात आले. आठवण सांगणाऱ्या तिघांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

हुतात्म्यांच्या सकाळीविषयीही लिहायला हवे. मे महिन्यात एका पहाटे सर मुलांना रांगेने चार पुतळ्यांपाशी नेत. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले, एवढाच इतिहास ते सांगत. भाषण करत नसत. त्यानंतर चार मुलांना पुढे बोलावून एकेक नाव मोठ्याने उच्चारायला सांगत, आणि ती मुले दर वर्षी वेगवेगळ्या वस्त्यांतली असत. मी एका वर्षी त्यांत होते. आज वर्गात हा धडा शिकवताना मीही मुलांकडून नावे मोठ्याने म्हणवून घेते.

छपाईचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात वेळ फार जातो आणि कोणी आधी बजावत नाही. काही लेख श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत टंकलेले होते, काही मोबाइलवर युनिकोडमध्ये; ते एकत्र आणताना जोडाक्षरे आणि रफार विस्कटले, ‘ऱ्हा’ आणि ‘ऱ्या’ तर जागोजागी बिघडले. यंत्राने तपासून ते सापडत नाहीत. कागदावर प्रूफ काढून, एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे, हाच खरा उपाय. जुन्या छायाचित्रांचे मोबाइलवर फोटो काढू नयेत, त्यांवर चकाकी येते. स्कॅनरवर 600 डीपीआयला घ्यावीत. मध्यशिवण, म्हणजे मधोमध टाचून बांधणी, करायची असेल तर पाने चारच्या पटीत बसवावी लागतात, त्यामुळे शेवटी दोन पाने कमी पडली तेव्हा आम्ही जाहिरात न घालता हजेरीपटातले कोरे रकाने तसेच छापले. ज्यांच्या आठवणी उरल्या असतील त्यांनी त्यात लिहाव्यात, अशी कल्पना.

प्रकाशन शिबिराच्याच मैदानावर सकाळी सहाला झाले. पाहुणे बोलावले नव्हते, हारतुरे नव्हते. प्रत्येकाने आपल्या आठवणीतल्या चार ओळींचे वाचन केले. तेलुगू भगिनीने तेलुगूत केले आणि शिबिरातल्या आजच्या मुलांपैकी कित्येक जणांना ते कळले. प्राध्यापक मित्राने दुपारी दांडा रोवला. ज्येष्ठ मंडळी कडुनिंबाखाली बसली, मुलांनी खडे ठेवले. मल्लखांबाविषयी लिहिणारी ती शिबिरार्थी पुण्याहून आली होती. ती काकूंशेजारी बराच वेळ बसून होती; त्या दोघी काय बोलल्या हे मी विचारले नाही.

स्मरणिकेला किंमत ठेवली नाही. फाटकाशी पाकिटे आणि पिशवी ठेवली होती. जमलेल्या पैशांतून छपाईचा खर्च निघाला आणि जे उरले ते रांजणांच्या नव्या चौथऱ्यासाठी आजच्या शिबिरप्रमुखांकडे दिले.

त्यानंतरही आठवणी येत आहेत. हिप्परग्याची चौथी हकिकत आली आहे आणि ती आधीच्या तिन्हींशी जुळत नाही. एका रिक्षाचालकाने कन्ना चौकात मला थांबवून सांगितले की, स्मरणिकेत भिंतीवरचे साखर-मिठाचे प्रमाण खडूने लिहिलेले होते असे छापले आहे, पण त्यांच्या वर्षी ते गेरूने लिहिलेले होते आणि ते लिहिताना डबा त्यांनी धरला होता. मी त्यांचे नाव आणि वर्ष लिहून घेतले. हजेरीपट आम्ही स्कॅन करून ठेवले आहेत, मूळ प्रती काकूंकडेच आहेत, आणि दिवाळीच्या सुटीत नव्या आठवणींची पुरवणी काढायची असे ठरले आहे. त्यात गेरूची दुरुस्ती पहिल्या पानावर येईल.